जोडसायकल चढाला लागते तेव्हा

आधीच सांगून ठेवतो, मी ठणठणीत आहे.

हृदयाच्या एका नळीत छोटीशी जाळी बसवली म्हणून माणूस काही काचेचं भांडं होत नाही. खुद्द डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही आता पूर्ण बरे आहात. चाला, पोहा, हवी तर सायकल चालवा. फक्त छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच थांबायचं." यातलं शेवटचं वाक्य सोडून बाकीचं मी ऐकलं. शेवटचं तेवढं बायकोनं ऐकलं. संसारात कामाची वाटणी असते, तशी ऐकण्याचीही असते.

("मी सगळं ऐकलं होतं. पुढे चला.")

हा बायकोचा आवाज. गोष्ट मी सांगतोय, पण ती मागे बसली आहे. तेव्हाही मागेच होती. मध्येमध्ये बोलल्याशिवाय तिला राहवणार नाही, म्हणून तिला कंसात बसवलं आहे.

तर जाळी बसली आणि घरात माझ्यावर बंदी बसली. बादली उचलायची नाही. न्हाणीघराची कडी लावायची नाही. जिना चढताना ती माझ्या मागे दोन्ही हात पसरून येणार, जणू मी फळीवरून घसरलेली बरणी आहे. दुपारी माझा डोळा लागला की ती नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. बोट लागलं की मी दचकून उठायचो, आणि मी दचकलेलं बघून ती किंचाळायची. असे आम्ही दोघं दुपारची विश्रांती घेत होतो.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे करत होतो. इमारतीच्या पोटातल्या त्या उभ्या बोगद्यात उतरून लिफ्टचे ब्रेक तपासणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. पण दुखण्यानंतर साहेबांनी मला टेबलावर बसवलं. दिवसभर फोन घ्यायचे. "हो, आमचा माणूस निघालाय, तुम्ही घाबरू नका, दार ओढू नका." हे मी बोलायचो, आणि निघायचा दुसराच कोणीतरी.

साहेबांकडे गेलो. म्हणालो, मला परत बोगद्यात सोडा. साहेब म्हणाले, "माझी ना नाही. वहिनींचा फोन येऊ दे."

साहेबांना कंपनीच्या मालकाची नसेल एवढी वहिनींची भीती आहे. कारण वहिनी मोटार शिकवतात. साहेबही त्यांच्याकडेच शिकले. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, माहीत असेल. साहेब तीन वेळा नापास झाले आणि प्रत्येक धडकेच्या आधी त्या दुसऱ्या ब्रेकनंच वाचले. असा माणूस वहिनींच्या परवानगीशिवाय श्वाससुद्धा घेत नाही.

म्हणून मी पैज लावली.

"डोंगरातल्या त्या राखीव जंगलात सायकलची वाट आहे," मी म्हणालो. "आत जुनी दगडी गावं आहेत. मी खालपासून माथ्यावरच्या गावापर्यंत न थांबता सायकल चालवीन. वेशीतून आत शिरलो की तू साहेबांना फोन करायचा."

"आणि मध्येच थांबलात तर?"

"तर जन्मभर टेबलावर बसेन. तोंडातून ब्र काढणार नाही."

तिनं विचार केला. "मी बरोबर येणार."

"तुला सायकल कुठे येते?"

येत नाही. गावातल्या निम्म्या लोकांना चार चाकं शिकवलेल्या या बाईचा दोन चाकांवर तोल जातो. म्हणून जोडसायकल.

*

जंगलाच्या फाटकाशी सायकलवाल्याचं दुकान होतं. जोडसायकल मी आधी चित्रातच पाहिली होती. प्रत्यक्षात ती फार लांब असते. तिच्यावर दोन सीटं, दोन हँडलं आणि पायडलांच्या दोन जोड्या होत्या, आणि सगळं एकाच साखळीला जुंपलेलं होतं. पुढच्यानं पाय फिरवले की मागच्याचे फिरणारच, मनात असो वा नसो. वळवायचं काम मात्र एकट्या पुढच्याचं. मागचं हँडल नुसतं धरायला असतं. लग्नाचं इतकं खरं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी हेल्मेट घालून आरशात बघत होतो. कुठूनही पेशंट वाटत नव्हतो. तेवढ्या वेळात सायकलवाला बायकोला मागच्या हँडलपाशी काहीतरी बारकाईनं समजावत होता. पिशवी कुठे अडकवायची ते सांगत असेल, असं मला वाटलं.

("पिशवी माझ्या पाठीवर होती.")

ते पुढे येईल. कंसातच बस.

*

सुरुवात झकास झाली. वाट सपाट, दोन्हीकडे उंच झाडं, एक हरीण आमच्याकडे बघून चालतं झालं. मी शीळ घातली.

मग चढ लागला आणि शीळ विझली.

चढ मोठा नव्हता हो. पण सायकल एकदम अशी जड झाली, जणू चिखलातून लोखंडी कपाट ओढतोय. पाय खाली दाबला की वर यायला तयार नाही. मांड्या पेटल्या. कानात कोणीतरी कणीक तिंबायला बसलं. शेजारून एक आजीबाई कोबीचे गड्डे लादलेली सायकल हाणत गेल्या. जाता जाता "काय, मजेत ना?" असंही विचारून गेल्या.

"बरं वाटतंय ना?" मागून आवाज आला.

"उत्तम."

"तुमच्या मानेची शीर उडतेय."

"ती नेहमीच उडते."

"मग आजवर दिसली कशी नाही?"

"आजवर तू माझ्या मानेमागे कधी बसली होतीस?"

तेवढ्या बोलण्यानं मला धाप लागली. आणि धाप लागल्याबरोबर सायकल आणखी जड झाली.

चढ संपून पहिलं जुनं गाव आलं. दगडी कमान, फरसबंद गल्ली, बुरूज, त्यावर घड्याळ. गावात सपाटी होती, आणि सपाटीवर तीच सायकल लोण्यावरून सुरी फिरावी तशी पळाली. लोक बुरुजाकडे बघत होते. मी खाली चाकांकडे बघत होतो.

कारण मी कारागीर आहे. रिकामी लिफ्ट नीट चालते आणि माणसं भरली की बसते, तर दोष दोरात नसतो आणि दारातही नसतो. दोष मोटारीत असतो. इथे सायकल सपाटीला नीट चालत होती, चढाला बसत होती. तेव्हा बिघाड मोटारीत. आणि मोटार म्हणजे मी.

पुढच्या चढाला माझी खात्री पटली. छातीत दुखत होतं का? लक्ष दिलं तर दुखत होतं. लक्ष काढलं तर दंडात दुखत होतं. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मला आता शब्दन् शब्द आठवायला लागलं. थांबावं, तर जन्मभर टेबल. न थांबावं, तर जन्मच पुढच्या वळणापर्यंत. आणि तिला कळता कामा नये, कारण ती घाबरली की संपलंच.

वळणावर कठडा नव्हता. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. मी मनातल्या मनात निरवानिरव करायला घेतली. मी गेल्यावर हिचं कसं होईल? गॅसचं, बँकेचं ती बघेल. पण धुण्याच्या यंत्राचं दार? ते अडकतं. ते फक्त मला उघडता येतं.

"ऐक," मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला. "धुण्याच्या यंत्राला वर डावीकडे बुक्की मारायची."

"का सांगताय?"

"असंच. माहीत असावं."

"अहो, आत्ता का सांगताय?"

मी पायडल दाबलं. आणि त्या क्षणी सायकल अशी गच्च झाली, जणू चाकांना मुळं फुटलीत. हा शेवटचा झटका, असं मी समजलो. माथ्यावरच्या गावाची वेस समोर दिसत होती. दगडात कोरलेला सिंह दिसत होता, त्याचं तुटलेलं नाकसुद्धा दिसत होतं. हाताच्या अंतरावर. मी सगळं आयुष्य त्या एका पायडलवर टाकलं. सायकल थांबली, थरथरली, आणि आम्ही दोघं ठरवून केल्यासारखे डावीकडे आडवे झालो.

वेशीच्या बाहेर.

*

"डॉक्टर! कोणी डॉक्टर आहे का?" बायकोचा हा आवाज मी आधी एकदाच ऐकला होता, आमच्या न्हाणीघरासमोर, मला दवाखान्यात नेलं त्या दिवशी.

वेशीशेजारच्या गोठ्यातून एक उंच माणूस हात पुसत बाहेर आला. "डॉक्टर मी आहे, पण जनावरांचा."

"चालेल," बायको म्हणाली.

मला कडब्यावर आडवं केलं. त्यानं नळी कानाला लावली, माझ्या छातीवर इथे तिथे ठेवली, पापणी ओढून बघितली. सवयीनं दातही बघितले. बायको माझा हात धरून बसली होती. तिचा हात बर्फासारखा गार, आणि मुठीत काहीतरी घट्ट दाबून ठेवल्यासारखी बोटं वाकलेली. ती सरळ होत नव्हती.

"काय आहे ते खरं सांगा," ती म्हणाली. "मी ऐकू शकते."

"हे घोडा असते," तो म्हणाला, "तर मी शर्यतीला लावले असते."

"म्हणजे?"

"ठोका स्वच्छ आहे. मघाशी जोरात होता, आता बसला. दमलेत, बास. पाणी पाजा." आणि तो आपल्या गाईकडे गेला.

मी उठून बसलो. जिवंत होतो. आनंद व्हायला हवा होता, पण कारागिराचं डोकं वाईट. मोटार नीट आहे, मग लिफ्ट बसली का?

सायकल अजून रस्त्यात आडवी होती. ती उचलून भिंतीला लावायला गेलो. मागच्या चाकाच्या मधोमध एक गोल डबा होता, त्याला हात लागला. बोट चरचरलं. आणि त्यामागून वास आला. तो वास मी झोपेतही ओळखीन. जळलेल्या ब्रेकचा वास.

मी बोट तोंडात घालून उभा राहिलो. मग बाहेर काढलं.

"मागच्या चाकाला ब्रेक आहे?"

"आहे ना."

"कुणाच्या हातात?"

"माझ्या. तुमच्या डोळ्यांदेखत तर शिकवलं त्यांनी. लांब उतारावर हळूच ओढायची दांडी."

"आपल्याला उतार लागला का अजून?"

"नाही."

"मग तू ती ओढलीस?"

"सारखी नाही."

"कधी कधी ओढलीस?"

ती पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली. "तुम्हाला धाप लागली की."

*

मागच्या सीटवरून. (इथे कंस मोडून ती बाहेर आली आहे. मी अडवू शकलो नाही.)

यांना समोर हरीण दिसलं, कमान दिसली, सिंह दिसला. मला फक्त पाठ दिसत होती. माणूस किती दमलाय हे तोंडावरून कळतं, पाठीवरून काय कळणार? सदरा ओला होत गेला. मग तो अंगाला चिकटला. मग मानेची शीर. यांना थांबा म्हटलं असतं तर थांबले नसते, उलट जोर केला असता. मला माहीत आहे हा माणूस. गाडी शिकवताना शिकणारा घाबरला की मी बोलत नाही, पाय दाबते. बोलून उपयोग नसतो. इथे पायाशी काही नव्हतं, हाताशी होतं. जरा ओढावं, म्हणजे हे जरा हळू चालतील, दम खातील. पण हे हळू होईनात. जास्तच खेचायला लागले. मग मी जास्त ओढलं. आणि ते धुण्याच्या यंत्राचं बोलल्यावर मी दोन्ही हातांनी ओढलं. डोळे मिटून. मला वाटलं, आता हे जायला निघालेत. जाऊ द्यायचं नाही.

एवढंच. चला पुढे.

*

मी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणालो, "साहेबांना फोन कर."

"वेशीच्या बाहेर थांबलात."

"तू थांबवलंस."

"थांबलात ते थांबलात." मग पिशवीचा बंद आवळत, "बरं. उतार तुम्ही न्या. मी दांडीला बोट लावणार नाही. खालच्या गावात सुखरूप पोचलो की फोन करते."

"शब्द?"

"शब्द."

मागचा ब्रेक जळला होता, हे मला कळत होतं. पण पुढे माझ्या हातात दोन होते, आणि ब्रेक हा माझा धंदा. गार झाला की तिसराही लागेल, असं मीच तिला सांगितलं. असली वाक्यं मी फोनवर रोज बोलत होतो.

पहिल्या वळणापर्यंत सगळं छान होतं. दुसऱ्या वळणावर पुढचे ब्रेक किंचाळायला लागले. दोघांचं वजन, पिशवी आणि तो डोंगर, हे सगळं त्या चार रबरी तुकड्यांवर आलं होतं. तिसऱ्या वळणावर ते किंचाळायचे थांबले. हे जास्त वाईट होतं.

"दांडी ओढ," मी म्हणालो.

"नाही."

"अगं ओढ."

"मी शब्द दिलाय. तुम्ही परीक्षा घेताय माझी."

"परीक्षा नाही, ओढ!"

खट् असा आवाज आला. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, ही नुसतीच येतेय. पुढे काही लागत नाहीय."

आणि मग आम्ही गेलो म्हणजे कसे गेलो, तर झाडं मागे पळत नव्हती, त्यांची एकच हिरवी भिंत झाली होती आणि त्या भिंतीत मध्येच एक भोक आलं ती गावाची कमान होती हे आम्ही तिच्यातून पार झाल्यावर कळलं आणि आत गल्ली इतकी अरुंद की दोन्हीकडच्या खिडक्यांतल्या कुंड्यांचे रंग मला आजही क्रमानं सांगता येतील आणि समोर पर्यटकांचा घोळका आणि त्यांचा वाटाड्या उंच छत्री धरून सांगत होता की या गल्लीतून शत्रूचे घोडेस्वार आले होते आणि लोकांनी मागे वळून बघितलं तर आम्ही आलो आणि घोळका जाईच्या फुलांसारखा दोन्हीकडे विखुरला आणि छत्री माझ्या हेल्मेटात अडकली आणि उघडी छत्री घेऊन आम्ही चौकातून, कारंज्याच्या डावीकडून, नाही, उजवीकडून, बदकांमधून, वाळत घातलेल्या चादरीखालून, आणि माझी छाती अशी धडधडत होती की ती फुटणार, आता फुटणार, आणि फुटत नव्हती, आणि मागून बायकोचा आवाज येत होता आणि मला वाटलं ती रडतेय.

गावातून आम्ही आलो त्या वाटेनं नाही, भलत्याच बाजूनं बाहेर पडलो, आणि तिथे रस्ता खोल खाली गेला आणि लगेच तेवढाच वर चढला.

आम्ही खाली गेलो. वर चढलो. थांबलो. आणि उलटे मागे निघालो. खाली. मागच्या बाजूनं वर. थांबलो. पुन्हा पुढे. पाय टेकावेत, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रस्त्याकडेच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. त्यांच्या माना आमच्याबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होत्या. शेवटी सायकल तळाशी, त्यांच्या बरोबर समोर येऊन स्थिर झाली.

"उतरा आता," एक म्हातारा म्हणाला.

उतरलो. हेल्मेटातली छत्री काढून बाकाला टेकवली. मी घाबरत मागे बघितलं.

बायको हसत होती. केस सुटलेले, गाल लाल, एका कानावर चादरीचा चिमटा लटकलेला. लग्नानंतर इतक्या मोकळेपणी हसताना मी तिला पाहिली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "हातात काही नसलं की काय वाटतं हो. मला माहीतच नव्हतं."

"हं."

"आणि तुम्हाला काही झालं नाही. एवढं होऊन काही झालं नाही." तिचे डोळे भरून आले, ते तिनं चिमटा तसाच ठेवून पुसले. मग तिनं तिथेच उभं राहून साहेबांना फोन लावला. "सोमवारपासून यांना बोगद्यात सोडा. हवं तितकं खोल. मी विचारायलासुद्धा येणार नाही." आणि फोन ठेवून माझ्याकडे वळली. "सायकलवाल्याला बोलावू. ब्रेक नवे बसवून घेऊ आणि परत जाऊ."

"घरी."

"घरी काय. वर. परत एकदा खाली यायचंय मला."

मी बंदीतून सुटलो होतो. महिनोन् महिने ज्याच्यासाठी झुरलो ते सगळं एका फोनवर मिळालं होतं. मी दोन्ही हात छातीवर ठेवले आणि शक्य तितक्या क्षीण आवाजात म्हणालो, "हे बघ, मी हृदयाचा पेशंट आहे. मला जपायला हवं."

"नाटकं," ती म्हणाली आणि सायकलीला टेकून केस बांधायला लागली.

मग मी बाकावरच्या म्हाताऱ्यांकडे गेलो आणि हळूच, तिला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "इथून घरी जायला एखादी बस आहे का हो?"

"आहे की," म्हातारा म्हणाला. "वरच्या गावातून सुटते."